रात्रीच्या डब्याचं उत्तर दुपारच्या ताटात

ताणात खाण्याची सवय मोडायला घेतली तेव्हा माझं वजन ८१.४ किलो, उंची १५६ सेंटीमीटर, कंबर ९८ सेंटीमीटर. चौदा महिन्यांनी वजन ७०.२ आणि कंबर ८६. म्हणजे महिन्याला सरासरी ८०० ग्रॅम. हा वेग ऐकून अनेकांचा हिरमोड होतो, पण ताणात खाणाऱ्या माणसाला याहून जास्त वेग झेपत नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय.

मी लातूरला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. मार्चअखेर, जुलैतली विवरणपत्रं आणि दर महिन्याची जीएसटीची २० तारीख यांच्याभोवती माझं खाणं फिरायचं. संध्याकाळी सातला घरी आल्या आल्या आणि रात्री पावणेअकराला, कामं आवरल्यावर, हात डब्याकडे जायचा. फरसाण, शेव, मुलांची बिस्किटं. हे थांबवायला मी आधी जे जे केलं ते उलटलं, कारण रात्रीच्या खाण्याशी मी रात्रीच झुंजत होते. त्या वेळेपर्यंत डाव हातातून गेलेला असतो. रात्रीचं खाणं दिवसा सुटतं.

सर्वात आधी तपासण्या करून घ्याव्यात. थायरॉईडसाठी टीएसएच, तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी, हिमोग्लोबिन आणि बी-१२. थायरॉईड मंद असेल किंवा रक्त कमी असेल तर थकवा येतो, आणि त्या थकव्याला आपण भूक समजतो. स्टेरॉईड, काही मानसिक आजारांवरची औषधं आणि मधुमेहाची काही औषधं यांनी वजन वाढू शकतं. असं औषध चालू असेल तर डॉक्टरांशी बोलावं, मनानं बंद करू नये. भारतीय शरीरासाठी लठ्ठपणाची रेघ बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ ला धरतात आणि कंबर बाईची ८०, पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत असावी असं सांगतात. माझा बीएमआय ३३ च्या वर होता. पण पहिलं ध्येय मी फक्त पाच टक्के, म्हणजे चार किलोचं ठेवलं. तेवढ्या घटीनंसुद्धा रक्तदाब आणि साखरेत फरक पडू लागतो.

नंतर वही. तीन आठवडे खाण्यात काहीही बदल न करता फक्त लिहायचं. किती वाजले, भूक दहापैकी किती आणि खाण्याच्या आधी नेमकं काय घडलं. कॅलरी लिहायच्या नाहीत, कारण आकडे दिसले की माणूस लगेच कमी खायला लागतो आणि खरं चित्र दडतं. माझ्या वहीतून दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. संध्याकाळी सातच्या खाण्याआधी भूक आठ-नऊ असायची, म्हणजे तो ताण नव्हताच, ती साधी उपासमार होती. दीड वाजता अर्धी पोळी-भाजी, मग फक्त चहा. रात्री पावणेअकराला भूक मात्र दोन-तीनच असायची, आणि आधीच्या रकान्यात ‘क्लायंटचा फोन’, ‘मुलाच्या मार्कांवरून वाद’ असं काहीतरी. दोघांचा इलाज वेगळा. मी वर्षानुवर्षं दोन्हींना एकच नाव देत होते.

भूक खरी की ताणाची, हे ओळखायला मला एक प्रश्न पुरला. आत्ता ज्वारीची भाकरी आणि वरण समोर आलं तर खाशील का? खरी भूक हळूहळू चढते आणि भाकरीवर भागते. ताणाची अचानक येते आणि तिला शेवच हवी असते. उत्तर ‘हो’ असेल तर भाकरीच खायची, रात्रीचे अकरा वाजले असले तरी.

आता दिवसाच्या ताटाबद्दल, कारण खरं काम तिथे आहे. वजनाच्या नादात मी सगळ्यात मोठी चूक केली ती दुपारचं जेवण कमी करण्याची. आता सकाळी साडेआठला दोन अंडी किंवा मुगाच्या डाळीची दोन धिरडी. दुपारी दोन भाकऱ्या, प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाची. सोबत घट्ट वरण किंवा मटकी-हरभऱ्याची उसळ, कोरडं कडधान्य ४० ग्रॅम मोजून, मेथी, चुका किंवा अंबाडीची पालेभाजी भरपूर आणि १५० ग्रॅम दही. साडेचारला ३० ग्रॅम फुटाणे. रात्री आठला एक भाकरी, पिठलं किंवा सोयाबीन वड्यांची भाजी आणि काकडी-कांदा. यातून दिवसाला साधारण ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं मिळतात. प्रथिनं आणि चोथा दोन्ही पुरेसे असले की पोट चार तास धरतं. पातळ वरणात डाळ कमी आणि पाणी जास्त असतं, म्हणून ‘वरण खाते तरी भूक लागते’ ही तक्रार खरीच असते. डाळ कोरडी असतानाच मोजावी.

साडेचारचे फुटाणे हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल. जेमतेम ११० कॅलरी, सहा ग्रॅम प्रथिनं. हे खाल्लं त्या दिवशी सातची धाड पडत नाही. विसरले त्या दिवशी हमखास पडते. खाऱ्या शेंगदाण्यांनीही भागतं, पण त्यात कॅलरी दीडपट आणि हात थांबत नाही, म्हणून मी ते सोडले. मुरमुरे नुसते खाल्ले तर तासाभरात पुन्हा भूक. मुरमुरे भिजवून, फोडणी देऊन सुशीला करायचा झाला तर त्यात मूठभर मोडाची मटकी घालते आणि तो न्याहारीला खाते.

सगळं मिळून माझं दिवसाचं खाणं १५०० ते १५५० कॅलरींच्या आसपास बसतं, आणि त्यात रात्रीच्या मन मानेल त्या खाण्यासाठी १२० ते १५० कॅलरी राखून ठेवलेल्या असतात. ही राखीव जागा काढू नका. ‘आजपासून फरसाण बंद’ म्हटलं की चौथ्या दिवशी अर्धा डबा संपतो. उभ्या उभ्या डब्यातून खाल्लं तर १०० ग्रॅम कधी गेलं कळत नाही, आणि १०० ग्रॅम फरसाण म्हणजे ५५० कॅलरींच्या घरात, माझ्या रात्रीच्या जेवणाहून जास्त. वाटीत मोजून २५ ग्रॅम घेतलं तर साधारण १४०. म्हणून क्रम ठरवला. आधी घड्याळ बघून पंधरा मिनिटं थांबायचं. तेवढ्यात गच्चीवर जायचं, दहा वेळा श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, किंवा बहिणीला फोन. टीव्ही लावून थांबणं माझ्या बाबतीत कधीच जमलं नाही. पंधरा मिनिटांनी ओढ ओसरली तर ठीक. नाही ओसरली तर वाटी भरायची, डबा बंद करून परत जागेवर ठेवायचा, मग बसून, फोन बाजूला ठेवून खायचं. डबा आधी बंद करण्याला फार महत्त्व आहे. उघडा डबा शेजारी असला की वाटीला अर्थ उरत नाही. किलोची पिशवी आणणंही बंद केलं, पावशेरच आणायचं. डबा काचेचा नको, स्टीलचा हवा, आणि ओट्यावर नको.

वाटीच्या पुढे गेलंच तर? इथेच बहुतेकांची गाडी घसरते. रात्री जास्त झालं म्हणून सकाळी न्याहारी टाळली की दुपारपर्यंत भूक वाढते आणि पुढची रात्र आणखी वाईट जाते. माझा नियम एकच आहे. काहीही झालं तरी पुढचं जेवण वेळेवर आणि पूर्ण. हे पाळायला फार जड जातं, कारण आपल्याला शिक्षा करावीशी वाटते. पण चक्र तिथेच तुटतं.

हेच उपवासाचं. चतुर्थीला दिवसभर चहावर राहून रात्री साबुदाणा खिचडी म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, वर तूप आणि दाण्याचं कूट. उपवास मोडायचा नसेल तर दुपारीच भगर आणि दाण्याची आमटी पोटभर खावी, सोबत दही. मी महिन्यातला एक उपवास ठेवला, बाकीचे सोडले.

तेल चमच्यानं मोजणं आमच्या घरात चाललं नाही. स्वयंपाक सासूबाई आणि मी दोघी करतो आणि तर्रीशिवाय भाजी मुलांना चालत नाही. मग तेलाचा डबा मोजला. चार माणसांना महिन्याला पाच लिटर म्हणजे माणशी रोज ४१ मिली, साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. पहिल्या तारखेला तीन लिटर काढून वेगळे ठेवले आणि महिना त्यातच काढायचा ठरवलं. माणशी २५ मिलीवर आलो, रोजच्या १३० ते १४० कॅलरी ताट न बदलता वाचल्या. पहिले दोन महिने २५ तारखेलाच तेल संपलं. तिसऱ्या महिन्यापासून जमलं. चहाचंही तसंच. पाच कपांना दोन-दोन चमचे साखर होती, ती दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी केली. एकदम बंद केली असती तर बिस्किटं वाढली असती. साखरेऐवजी मध-लिंबू पाणी घेण्यात काही हशील नाही, मध हीसुद्धा साखरच.

घरातल्यांचा आग्रह हा वेगळाच विषय. सासूबाईंचं सुरुवातीला रोजचं, “अगं, एवढंच खायलीस? उपाशी राहून कुठं वजन उतरतंय व्हय?” त्यांचं म्हणणं खरंच होतं. मी ‘नको’ म्हणणं सोडून ‘वरण वाढा, आई’ म्हणायला लागले. वाढायला मिळालं की त्यांचं समाधान आणि माझ्या ताटात डाळ. येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, शेतात भज्जी, आंबील, उंडे मी मोजत नाही. महालक्ष्म्यांच्या पुरणपोळीलाही नाही. येळवसच्या दुसऱ्या दिवशी काटा १.३ किलो पुढे गेला होता, चौथ्या दिवशी जागेवर आला. एक किलो चरबी साठायला साधारण ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. तेवढ्या कुणी एका दुपारी खात नाही. ते मीठ आणि पाणी असतं. पाळीच्या आधीही माझं वजन किलो-सव्वा किलोनं चढतं. म्हणून रोज सकाळी, चहाच्या आधी वजन, पण विचार फक्त सात दिवसांच्या सरासरीचा. रोजचा आकडा बघून ज्याचा जीव वरखाली होतो त्यानं आठवड्यातून एकदाच बघावं आणि कंबर महिन्यातून एकदा मोजावी.

सहाव्या महिन्यात चार आठवडे सरासरी हलली नाही. हलकं झालेलं शरीर कमी खर्च करतं हे एक कारण. दुसरं म्हणजे माप सैल पडलं होतं. आठवडाभर पुन्हा काट्यावर मोजलं तेव्हा दिसलं, एक चमचा शेंगदाण्याची चटणी चार चमचे झाली होती. दहा ग्रॅमच्या चमच्यात पन्नासहून अधिक कॅलरी. चटणी ठेवली, चमचा एक केला.

चालण्याचा उपयोग वजनापेक्षा ताणासाठी जास्त झाला. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं आणि सकाळी तीस. उन्हाळ्यात साडेपाचलाच, सातनंतर ऊन सोसवत नाही. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस बारा-बाराचे तीन फेर आणि भिंतीला टेकून जोर, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. झोप साडेसहा तासांखाली गेली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, हे वहीत दर वेळी दिसलं.

एक मर्यादा मात्र ओळखली पाहिजे. थोड्या वेळात खूप खाल्लं जातंय, थांबवता येत नाही, लपून खावं लागतंय, नंतर स्वतःची किळस येते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चाललंय, तर वही आणि फुटाणे पुरणार नाहीत. त्यावर उपचार आहेत, मानसोपचार तज्ज्ञाकडे जावं. जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं लगेच शक्य नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

जुलै आणि मार्चमध्ये मी वजन उतरवायचा प्रयत्नच करत नाही. त्या महिन्यांत दुपारी एक भाकरी आणि रात्री अर्धी वाढवते आणि वजन फक्त धरून ठेवते. पहिल्या वर्षी जुलैत नेट लावला होता, तीन आठवड्यांत दोन किलो परत आले. आता ७० ते ७२ हा पट्टा ठरवलाय. सलग दोन आठवडे सरासरी ७२ च्या वर गेली की तीन रकान्यांची वही परत सुरू. येत्या जुलैसाठी फुटाण्यांच्या तीस-तीस ग्रॅमच्या सव्वीस पुड्या बांधून ऑफिसच्या खणात ठेवल्यात, आणि मोबाईलवर साडेचारचा गजर लावलाय.