नवी डस्टर, तीन इंजिनं आणि आपला घाट

रेनोच्या नव्या डस्टर एसयूव्हीचा विषय निघाला की साताऱ्यात पहिला प्रश्न ठरलेला: "डिझेल आहे का?" नाही. येणारही नाही. हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचं सगळं गणित सोपं होतं, कारण जुन्या डस्टरवरचं आपलं प्रेम हे निम्मं त्या डिझेलवरचंच प्रेम होतं.

जुनी डस्टर जुलै २०१२ मध्ये आली. १४६१ सीसीचं डिझेल, एक ८५ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप) आणि एक ११० पीएसचं. २०१४ मध्ये चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती आली, तिला मागे स्वतंत्र सस्पेन्शन होतं. एप्रिल २०२० ला धुराचे बीएस ६ हे कडक नियम लागू झाले आणि डिझेल गेलं. त्याच वर्षी १.३ लिटर टर्बो पेट्रोल आलं, १५६ पीएस आणि २५४ न्यूटन मीटरचं (न्यूटन मीटर म्हणजे ओढीचं माप), पण तोवर गाडी जुनी दिसायला लागली होती आणि २०२२ मध्ये तिची विक्री थांबली. त्या पेट्रोलकडे आपल्याकडे फार कुणी पाहिलंच नाही. आता नव्या गाडीत सगळ्यांच्या नजरा ज्या इंजिनावर आहेत ते त्याचंच सुधारलेलं रूप आहे.

आणखी एक गोष्ट लोक सोयीने विसरतात. ११० पीएसचं डिझेल मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली झोपलेलंच असायचं. २४८ न्यूटन मीटरचा पूर्ण जोर २२५० ला मिळायचा. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटाच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये ती गाडी कुथायची आणि मग एकदम उसळी घ्यायची. गावात आणि घाटात ८५ पीएसची गाडी जास्त सुखाची होती, हे ज्यांनी दोन्ही चालवल्यात त्यांना माहीत आहे. कागदावरचा आकडा आणि वळणावरचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या गाडीचं इंजिन निवडतानाही हाच मुद्दा कामाला येतो.

२६ जानेवारी २०२६ ला पडदा उघडलेल्या नव्या डस्टरची इंजिनं तीन. एक लिटर तीन सिलिंडर टर्बो, १०० पीएस, फक्त मॅन्युअल. १.३ लिटर चार सिलिंडर टर्बो, सुमारे १६० पीएस आणि २८० न्यूटन मीटर, मॅन्युअल किंवा सहा गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. आणि १.८ लिटर पेट्रोलवर बसवलेलं स्ट्राँग हायब्रिड (इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर), जे मागाहून, दिवाळीच्या सुमारास येणार असं कंपनीने सांगितलंय. चारही चाकांची ताकद सध्या नाही, पुढची दोनच चाकं ओढतात.

आधी कराचं बघू, कारण त्यात एक फसगत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. गाडीची लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल १५०० सीसीपर्यंत) असेल तर १८ टक्के. दोन्हींपैकी एक अट जरी मोडली तरी ४० टक्के. नेक्सॉन, व्हेन्यू, थ्री एक्स ओ या छोट्या गाड्यांची पेट्रोल इंजिनं एक-सव्वा लिटरची का असतात याचं कारण हेच. ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही १४६२ सीसीमुळे वरच्या दरात जाते. डस्टर चार मीटरपेक्षा लांब आहे. म्हणजे एक लिटरचं इंजिन घेतलं तरी कर ४० टक्केच भरायचा. छोट्या इंजिनाचा जो मोठा फायदा छोट्या गाडीत मिळतो, तो इथे मिळतच नाही. उरतो तो फक्त कमी किमतीचा फायदा.

आता घाट. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, कास १२०० च्या पुढे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. महाबळेश्वरात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ८५ टक्के राहतो. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन तेवढीच कमी हवा ओढतं, त्यामुळे ताकदही जवळपास त्याच प्रमाणात उतरते. समुद्रसपाटीला १०३ पीएस देणारी गाडी वर ८८ च्या आसपास देते, वर चार माणसं, सामान आणि एसी. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो, कारण तो हवा कोंबून आत घालतो. पण टर्बो फिरायला धूर लागतो आणि धुरासाठी इंजिनाच्या फेऱ्या लागतात. नेमकी तिथेच तीन सिलिंडरची पंचाईत होते.

आकड्यात बघा. अशा गाडीत दुसऱ्या गिअरला ताशी १५ किलोमीटर म्हणजे इंजिन हजार-अकराशे फेऱ्यांवर असतं. वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात किंवा केळघरच्या चढाला तीव्र वळण घेताना वेग बरोबर एवढाच उतरतो. त्या फेऱ्यांवर टर्बो जवळजवळ गप्प असतो, म्हणजे हातात उरतं एक लिटरचं साधं इंजिन, आणि ते ओढणार चार मीटरपेक्षा लांब, भरलेली गाडी. माणूस मग काय करतो? क्लच अर्धा दाबून ॲक्सिलरेटर वाढवतो. हे दर वळणाला केलं की क्लचप्लेट जळण्याचा वास महाबळेश्वरच्या नाक्याआधीच येतो. बरोबर पद्धत अशी: वळणाच्या आधी, वेग दहाच्या खाली आला की सरळ पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा, वळण संपताना दोन-अडीच हजार फेऱ्यांवर दुसरा टाका. पहिला गिअर टाकणं म्हणजे ड्रायव्हरची कमजोरी, हा आपल्याकडचा जुना समज डिझेल जीप-ट्रॅक्सच्या काळातला आहे. तो छोट्या टर्बोला लावू नका.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्याचं रोजचं जाणं-येणं सातारा गाव, एमआयडीसी आणि महिन्यातून दोनदा पुणे एवढंच आहे, त्याला एक लिटर पुरेल. खंबाटकीचा चढ रुंद आहे, वेग फारसा उतरत नाही, टर्बो जागा राहतो. पण ज्याचं गाव मेढ्याच्या वर, बामणोलीकडे किंवा पाटणच्या डोंगरात आहे, किंवा ज्याला कुंभार्ली उतरून चिपळूणला सारखं जावं लागतं, त्याने १.३ च बघावं. पैसे कमी पडत असतील तर वरची सजावट सोडा, सनरूफ सोडा, पण इंजिन मोठं घ्या. सनरूफ काय, कासला फुलांच्या दिवसांत पोरं डोकं बाहेर काढतात तेवढाच त्याचा उपयोग.

१.३ च्या इंजिनाबद्दल थोडं. हे मर्सिडीजसोबत मिळून बनवलेलं आहे, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारतं आणि टायमिंगला (व्हॉल्व्हची वेळ जुळवायला) चेन आहे. जुन्या डिझेलला टायमिंग बेल्ट होता, तो वेळेवर न बदलल्याने व्हॉल्व्ह वाकलेल्या गाड्या पुष्कळ झाल्या. ती धास्ती इथे नाही. मात्र थेट फवारणीच्या इंजिनाचं स्वतःचं एक दुखणं असतं. पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि मागच्या बाजूला कार्बन साचतो. कायम दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो लवकर साचतो. आठवड्यातून एकदा इंजिन नीट गरम झाल्यावर हायवेला अर्धा तास चालवणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. टाकीत ओतायची औषधं त्या जागी पोहोचतच नाहीत, कारण पेट्रोलच तिथून जात नाही. ते पैसे ऑइलला घाला. कंपनीने लिहिलेला ग्रेड, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. आणि घाट जास्त असेल तर साडेसात हजारालाच बदला. दर हजार किलोमीटरला डिपस्टिक ओढून बघा. छोट्या टर्बो इंजिनात ऑइल कमी मावतं आणि तेच टर्बोच्या बेअरिंगलाही जातं, एक लिटर कमी झालेलं तिथे लगेच जाणवतं. उसाच्या हंगामात कोरेगाव-रहिमतपूर भागातल्या रस्त्यांवर जी धूळ असते, तिच्यासाठी एअर फिल्टर पाच हजारालाच उघडून झटका.

ड्युअल क्लच घ्यायचा का? या गाडीतला क्लच ऑइलमध्ये बुडालेला आहे, कोरड्यापेक्षा तो उष्णता चांगली सोसतो. तरी सुट्टीच्या दिवशी पाचगणीच्या रांगेत चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. त्या वेळी क्लच सतत घसरत असतो. ब्रेक दाबून थांबा, पुढे दहा-पंधरा फुटांची जागा झाली की एकदाच सरका. इंच इंच सरकणं टाळा, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे. उतरताना गिअर हाताने तिसऱ्या-दुसऱ्यावर ठेवा. आपोआप मोडमध्ये गिअरबॉक्स वरचा गिअर पकडतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

हायब्रिडसाठी थांबायचं का, हा सध्या सगळ्यात गरम प्रश्न. या यंत्रणेत १.४ किलोवॉट-तासाची छोटी बॅटरी, दोन मोटर आणि क्लच नसलेला, दातांवर थेट अडकणारा गिअरबॉक्स आहे. तिची बचत होते ती थांबत-चालत जाणाऱ्या गर्दीत, कारण दर थांब्याला वाया जाणारी शक्ती ती परत घेते. साताऱ्यात तशी गर्दी किती? पोवई नाक्याला २०२१ मध्ये भुयारी रस्ते झाल्यापासून तर आणखी कमी. हायवेला ताशी शंभरने जाताना बॅटरीला काम फारसं नसतं.

घाटात उलटं गणित होतं. पाचगणी ते वाई उतार उंचीने साधारण साडेपाचशे मीटर. दीड टनाची गाडी एवढी खाली येते तेव्हा दोन किलोवॉट-तासापेक्षा थोडी जास्त शक्ती मोकळी होते. टायर आणि हवेचं घर्षण, मोटरची तूट वजा केली तरी एकाच्या आसपास बॅटरीकडे येते. बॅटरीची पूर्ण क्षमता वापरायला मिळत नाही, आणि वरून निघताना ती अर्धी भरलेली असते. म्हणजे पसरणी घाट निम्मा उतरायच्या आतच ती भरते. त्यानंतर मोटरची अडवणूक कमी होते, पुढचं काम इंजिनाचं आणि ब्रेकचं. चढताना बॅटरी रिकामी झाली की इंजिन मोठ्याने ओरडत चढतं. गाडी बंद पडत नाही, पण १.३ चा सहजपणा तिथे नसतो. सोमवार ते शुक्रवार पुण्यात हिंजवडीच्या रांगेत असणाऱ्याने थांबावं, त्याचे पैसे वसूल होतील. कऱ्हाड-सातारा करणाऱ्याने थांबून काही साधणार नाही.

पेट्रोलचं म्हणाल तर पंपावर आता ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, आणि त्यातल्या इथेनॉलमध्ये आपल्याच भागातल्या उसाचा वाटा आहे. शेतातला ऊस टाकीत येतो म्हणून कौतुक असलं तरी ॲव्हरेज थोडं घटतं, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्क्यांच्या मिश्रणाला हिशेबाने सहा-सात टक्के. टर्बोला एक फायदाही होतो: ई-२० चा ऑक्टेन (अवेळी पेट न घेण्याचं माप) ९५ आहे, त्यामुळे चढावर खडखड कमी. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. मोकळ्या जागेतला दमटपणा इथेनॉल शोषून घेतं.

डिझेलच पाहिजे असं ठरलेलंच असेल तर डस्टरची वाट बघणं सोडा आणि दीड लिटर डिझेल असलेल्या चार मीटरच्या आतल्या गाड्या बघा: नेक्सॉन, थ्री एक्स ओ, व्हेन्यू, सोनेट. त्या १८ टक्क्यांत येतात. नवी व्हेन्यू नोव्हेंबर २०२५ मध्ये आली, तिच्या डिझेलला ११६ पीएस, २५० न्यूटन मीटर आणि आता टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिकही आहे. घाटासाठी यापेक्षा निवांत जोडी या किमतीत नाही. पण आधी हिशेब मांडा. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ धरा, घाट-गाव मिळून ॲव्हरेज १३ आणि १८. किलोमीटरला आठ रुपये आणि पाच रुपये, फरक तीनचा. गाडीच्या किमतीत दीड लाखाचा फरक असेल तर तो भरून निघायला पन्नास हजार किलोमीटर. वर्षाला आठ हजार चालणाऱ्याला सहा वर्षं लागतील. शिवाय धूर गाळणाऱ्या डीपीएफचा त्रास. राजवाडा ते सदर बझार एवढंच चालणाऱ्या गाडीत तो कधी पुरता तापतच नाही, काजळी साचते, दिवा लागतो. दिवा लागला की हायवेला ताशी साठच्या वर पंधरा-वीस मिनिटं चालवायची, मध्ये गाडी बंद करायची नाही. अर्धवट जळण पुन्हा पुन्हा झालं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणून खूश होऊ नका, ऑइल बदला.

टेस्ट ड्राइव्ह सहसा हायवेच्या सर्व्हिस रोडवर देतात. तिथे कुठलंही इंजिन चांगलंच वाटतं. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा रस्ता मागा. सोबत तीन माणसं आणि एसी चालू. चढावरच्या वळणाला वेग पंधरावर आणा, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि मनात मोजा. ओढ यायला किती सेकंद लागतात. मग चढावर पूर्ण थांबून पुन्हा निघा. ऑटोमॅटिक असेल तर मुद्दाम दोन-तीनदा थांबा आणि निघताना धक्का बसतो का ते बघा. उतरताना रेडिओ बंद ठेवा आणि ब्रेक दर वेळी सारखाच पकडतो का, याकडे लक्ष द्या. एक लिटर आणि १.३, दोन्ही गाड्या त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर चालवा. नंतरच्या आठवड्यात दुसरी चालवली तर पहिलीचा अंदाज डोक्यात राहत नाही.

बुकिंग करायचंच असेल तर पहिल्या लॉटची घाई नको. नव्या गाडीत सुरुवातीला स्क्रीन, सेन्सर, गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर यांच्या बारीकसारीक तक्रारी निघतात आणि चार-सहा महिन्यांत नवी आवृत्ती येते. तोवर १.३ च्या घाटातल्या ॲव्हरेजचे खरे आकडे एमएच ११ आणि एमएच ५० च्या, म्हणजे सातारा-कऱ्हाडच्या गाड्यांमधूनच कळायला लागतील.