नवीन मासा आणलाय? थेट टँकमध्ये नका सोडू

माझा खाऱ्या पाण्याचा टँक फक्त ७५ लिटरचा आहे, त्यात दोन क्लाउनफिश, आणि गेल्या वर्षी तिसरा मासा घाईत सोडला तर आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, एक क्लाउन गेलाच. अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून नवीन मासा आधी वेगळ्या टबात, निदान चार आठवडे. साधा प्लॅस्टिकचा टब, हीटर, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, बस. वाळू नको, खडक नको, कारण औषध द्यायची वेळ आली तर ते त्यात शोषलं जातं. आणि तांब्याचं औषध मेन टँकमध्ये कधीच टाकू नका, कोळंबी आणि कोरल मरतात.

दुसरी गोष्ट खारटपणाची. दुकानदार बऱ्याचदा पाणी कमी खारट ठेवतात, विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) १.०१८ वगैरे, आणि आपलं असतं १.०२५. मी आता पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायचं छोटं यंत्र) मोजते, टब तेवढ्याच खारटपणाचा करते आणि मग रोज थोडं थोडं वाढवते, कारण कमी खारट पाण्यातून जास्त खारट पाण्यात जाणं माशाला जड जातं.

आणि मासा कुरियरने लांबून आला असेल तर पिशवी उघडून तिच्यात तासभर थेंब थेंब टबातलं पाणी सोडत बसू नका हो! बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो म्हणून माशाच्या उत्सर्गातून साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही, पण पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळलं की उघडा, मासा जाळीने उचलून टबात, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये.