कॉर्ब्रिजचे दगड : वहीतली तिसरी नोंद

मागच्या दोन नोंदींत कोठारांच्या भिंतीच होत्या. या वेळी न्यूकॅसलहून गाडी पकडली ती एका दगडासाठी.

उत्तर इंग्लंडमधलं कॉर्ब्रिज म्हणजे रोमनांचं ‘कोरिया’ नावाचं ठाणं. रोमन सम्राट हेड्रियनची सरहद्दीची भिंत इथून उत्तरेला चारेक किलोमीटरवर. डिअर स्ट्रीट आणि स्टेनगेट हे दोन रोमन रस्ते इथेच मिळतात, म्हणून आधी किल्ला आणि मग गाव वसलं. पुढे त्या गावाचे दगड लोकांनी नेले. सेंट अँड्र्यूज चर्चच्या मनोऱ्याखालची कमान रोमन दगडांची आहे, तिचं चित्र आधी उरकलं. शेजारच्या हेक्सहॅमला सातव्या शतकातलं तळघरही याच दगडांचं. तिथल्या एका शिलालेखातून रोमन सम्राट गेटा याचं नाव छिन्नीने उडवलंय. भाऊ कॅराकॅलाने त्याला मारवल्यावर नावही ठेवलं नाही.

आता तो दगड. संग्रहालयातली एक थडग्याची शिळा, सुरुवातीची अक्षरं तुटलेली. उरलेलं नाव ‘...राथेस’, पुढे ‘पाल्मोरेनुस’. आधी मी ते आडनाव धरून बसलो होतो. घरी मोठ्या फोटोवर एकेक अक्षर उतरवताना उलगडलं : पाल्मिराचा! सीरियाच्या वाळवंटातला माणूस टाइन नदीच्या काठी येऊन वारला. पुढचा शब्द ‘वेक्सिलारियस’ असा वाचतात, म्हणजे निशाणवाला. सैन्यात निशाण धरणारा की निशाणं विकणारा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शेवटी वय, ६८. कोरणाऱ्याने ‘अन्नोस’ (वर्षं) मधला एक ‘न’ गाळलाय. नाणेघाटात ब्राह्मी अक्षरं लावताना जी धडधड व्हायची, तीच पुन्हा झाली.

टाइनच्या मुखाशी साउथ शील्ड्सला १८७८ मध्ये सापडलेली शिळा पाल्मिराच्याच बराटेसने बायकोसाठी उभारलेली आहे. रेगिना, ब्रिटनमधल्या कॅटुवेलौनी जमातीची, त्यानेच गुलामीतून सोडवलेली, वय ३०. हा बराटेस आणि कॉर्ब्रिजचा म्हातारा एकच, असं बरेच जण मानतात. पुरावा पक्का नाही, पण मला तेच खरं वाटतं.

रेगिनाच्या शिळेवर लॅटिन मजकुराखाली पाल्मिराच्या लिपीत एक ओळ आहे : ‘रेगिना, बराटेसने मुक्त केलेली, हाय!’ लॅटिनमध्ये हा हळहळीचा ‘हाय’ नाही. ती ओळ उजवीकडून डावीकडे जाते; तीन पानं सरावात गेली, अजून हात बसलेला नाही. पुढच्या नोंदीत तीच.