लेकीचा पहिला टॅबलेट

आज लेकीसाठी ड्रॉइंग टॅबलेट आणला, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेनाने चित्र काढायची पाटी. स्क्रीनवाले बघितले, पण किंमत आपल्या आवाक्याबाहेर. शेवटी 'वन बाय वॅकॉम'चा छोटा, बिनस्क्रीनचा घेतला. पेनाला चार्जिंग लागत नाही, पेन किती दाबलं हे ओळखायच्या २०४८ पातळ्या आहेत. शिकणाऱ्या हाताला तेवढ्या भरपूर झाल्या, हे माझं ठाम मत. चित्र काढायचं सॉफ्टवेअर क्रिटा. फुकट आहे, दरमहा पैसे भरायची कटकट नाही.

पहिला तास मात्र जड गेला. हात टेबलावर, नजर समोर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर! गणपतीची सोंड काढताना रेघ सारखी थरथरत होती, रडवेली झाली पोर. मग क्रिटाच्या टूल ऑप्शन्समध्ये रेघ स्थिर करणारा स्टॅबिलायझर सुरू केला, आणि सोंड एका ओघात वळली. "आई, बघ ना!"

अकरा वाजलेत, अजून पेन खाली ठेवलेलं नाही.