कळ्याला गाणं बंद पडलं: गगनबावडा फेरी आणि एका बटनाची वायरिंग

कोल्हापूर ते गगनबावडा साधारण 55 किलोमीटर. सकाळी सहाला रंकाळ्यावरनं निघालो. बुलेट माझी, तिच्यावर अँप्लिफायर लावून गाणी वाजवायची सोय केलेली, मागं दाजी. फुलेवाडी गेली, बालिंग्याचा पूल गेला, आणि कळे गावाच्या अलीकडं एका खड्ड्यात चाक आदळलं तसं गाणं बंद. पुढच्या खड्ड्यात आपोआप सुरू, त्याच्या पुढच्यात परत बंद. दाजी म्हणाले, "पाव्हणं, तुमचा गायक खड्डे बघून दम घ्यायला लागलाय."

कळ्यात चहाला थांबलो आणि गाणं चालू-बंद करायच्या हँडलवरच्या बटनावर बोट ठेवलं. चटका बसला. दोन स्क्रू काढून आत बघितलं तर पितळेवर हिरवा थर आणि एका पिनजवळचं प्लास्टिक तपकिरी झालेलं. दोन्ही वायरी पिळून थेट जोडाव्यात असा मोह झाला. करू नका. बटन मध्ये नसलं तर अँप्लिफायर रात्रभर बॅटरी पीत बसतो. मी फ्यूज काढून खिशात टाकला आणि तसाच पुढं निघालो.

गगनबावड्याबद्दल थोडक्यात: असळजपासून हवा बदलते, गगनगडावर धुकं होतं, खाली उतरायला दोन घाट आहेत, करूळ वैभववाडीकडं आणि भुईबावडा खारेपाटणकडं. भर पावसात जाणार असाल तर आधी फोन करून विचारा, मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर येतं आणि वाहतूक बंद होते. एक मात्र जाणवलं. गाणं नव्हतं म्हणून वळणापलीकडच्या एसटीचा हॉर्न लांबनंच ऐकू आला.

सोमवारी संध्याकाळी उद्यमनगरात एका वायरिंगवाल्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी आधी मीटर लावला. गाणं चालू असताना बॅटरीवर 12.4 व्होल्ट, अँप्लिफायरच्या वायरीवर 10.7. मधले 1.7 व्होल्ट बटनानंच खाल्लेले. चार अँपिअरचा भार धरला तर जवळजवळ सात वॅट उष्णता त्या एवढ्याशा बटनात! "भावा, बटन न्हाई खराब, जोडणी खराब हाय. एवढा करंट ह्या बारक्यातनं घेतलास व्हय?" मी नाही घेतला, ज्यांनी बसवून दिलं त्यांनी घेतला होता. पण दोन वर्षं मीही उघडून बघितलं नव्हतं.

म्हणजे नुसतं नवं बटन लावून उपयोग नव्हता, तेही असंच भाजलं असतं. मध्ये रिले हवा, म्हणजे थोड्याशा करंटवर टिक करून मोठा करंट चालू-बंद करणारं दुसरं बटन. बॅटरीच्या प्लसवरनं फ्यूज, फ्यूजमधनं रिलेच्या 30 नंबरच्या पिनला, आणि 87 मधनं अँप्लिफायरला. 85 अर्थिंगला. 86 ला बटनाची वायर, आणि बटनाला पुरवठा चावी चालू केल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरीतनं. रिलेच्या कॉइलला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, त्यामुळं बटन थंड राहतं. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधल्या 87ए ला हात लावू नका, नाहीतर बटन बंद केल्यावर गाणं सुरू होईल. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, टाकीखाली कुठंतरी नाही. वायर कुठं घासली तर जळायचं ते फ्यूजनं जळावं.

घरी येऊन मी स्वतः जोडलं आणि शहाणपणा केला. नवं बटन दिव्याचं, तीन पिनांचं. पितळी रंगाची पिन दिव्याच्या अर्थिंगची होती, मी तिथं रिलेची वायर लावली आणि अर्थिंग लावलं रिलेच्या पिनला. बटन दाबलं, टचकन आवाज, आणि टेललाइटही गेली, कारण पुरवठा तिच्याच वायरीवरनं घेतला होता. तेव्हा जोडायच्या आधी सुटं बटन मीटरवर तपासा: ज्या दोन पिना बटन चालू केल्यावर बीप देतात आणि बंद केल्यावर गप्प होतात, त्या पुरवठ्याच्या आणि रिलेच्या. उरलेली दिव्याची. रंगावर विसंबू नका. आता मी बटनाच्या वायरीला दोन अँपिअरचा वेगळा फ्यूज टाकलाय, म्हणजे चूक झाली तरी टेललाइट शाबूत.

वायरींना डाग देण्यावरनं (सोल्डरिंग) मिस्त्रींशी वाद झाला, आणि ते बरोबर होते. डाग दिलेली वायर तिथं ताठ होते आणि गाडीच्या थरथरीनं बरोबर डागाच्या कडेला तुटते. त्यापेक्षा वायरीच्या टोकावर थिंबल, म्हणजे धातूची टोपी, घालून पक्कडनं नीट दाबा, वर स्लीव्ह चढवून गरम करा. हँडल पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं वळवून वायर ताणत नाही ना, हे केबल टाय आवळायच्या आधी बघा. माझी उजवीकडं ताणत होती. बटनात शिरणारी वायर खालनं आणा, वरनं आणली तर पावसाचं पाणी तिच्यावरनं ओघळत सरळ आत जातं. तो हिरवा रंग तिथनंच आला होता.

पुढच्या रविवारी परत तोच रस्ता. कळ्याच्या त्याच खड्ड्यात मुद्दाम चाक घातलं, दाजींनी शिवी दिली, गाणं चालूच राहिलं. तिथल्याच चहाच्या टपरीवर बटनावर बोट ठेवलं, गार. घाटाच्या तोंडाला गाडी थांबवून ते बंद केलं. सीटखालनं टिक असा बारीक आवाज आला.