आमची वाटचाल: कडेचा रंग

बाबांचा धंदा फर्निचर पॉलिशचा. बडोद्याच्या दांडिया बाजारात एका गल्लीत छोटं दुकान आणि बाहेरच्या ओट्यावर काम. चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायची आणि सकाळी मलमलच्या कपड्यात कापसाचा बोळा बांधून तिचे हात द्यायचे. कपाटं, देव्हारे, पाट आणि इथे घरोघरी असतात ते झोपाळे. सुरसागर तलावाच्या काठी संगीत महाविद्यालय आहे. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली गायनशाळा ती हीच. तिथे शिकणाऱ्या कुणाचा तंबोरा किंवा पेटी अधूनमधून पॉलिशला यायची. ते काम बाबा स्वतःच्या हातानं करत आणि त्याचे पैसे कमी घेत.

१९९७ च्या नवरात्रात, दुसऱ्या माळेच्या दिवशी, गरब्याच्या ऑर्केस्ट्रातला एक गिटारिस्ट दुकानात आला. त्याची इलेक्ट्रिक गिटार स्टँडवरून पडली होती आणि खालच्या कडेला रुपयाएवढा टवका उडाला होता. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरची ती जपानी नक्कल, तीन रंगांच्या सनबर्स्टची, म्हणजे मध्ये उजळ आणि कडेकडे गडद होत जाणाऱ्या रंगाची. मी तेव्हा बारावीत होते आणि दुपारी दुकानात बसून अभ्यास करायचे. बाबांनी ती गिटार उजेडात धरली आणि बराच वेळ फिरवून पाहिली. मग मला म्हणाले, "मध्ये पिवळा, मग लाल, कडेला काळा. पण पिवळा कुठे संपतो आणि लाल कुठे सुरू होतो, ते बोट ठेवून दाखव मला."

मला दाखवता आलं नाही. आजही येणार नाही, कारण चांगल्या सनबर्स्टमध्ये तशी जागाच नसते.

बाबांनी बोळ्यानं आणि बारीक ब्रशनं टवका भरला. दहा फुटांवरून कळत नव्हतं आणि गिटारिस्टाला तेवढंच हवं होतं. तो दीडशे रुपये देऊन खुशीत गेला. बाबांना मात्र चैन पडेना. दिवाळी झाल्यावर त्यांनी स्कूटर रंगवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून जुना कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन विकत घेतली. वयाच्या पन्नाशीत त्या माणसाकडे आठवडाभर बसून गन धरायला शिकले. त्या हिवाळ्यात प्लायवुडचे आणि सागाचे किती तुकडे रंगवून त्यांनी पुन्हा घासून काढले त्याची गणती नाही. गिटारी रंगवण्याच्या आमच्या धंद्याची सुरुवात मी तिथपासून मानते.

सनबर्स्ट करायचा कसा, ते सविस्तर सांगते, कारण लोकांना वाटतं की हे रंगाचं काम आहे. खरं काम लाकूड दिसत ठेवण्याचं आहे. आधी गिटारीचं अंग घासून गुळगुळीत करायचं. लाकूड ॲश किंवा महोगनी असेल तर त्याची छिद्रं फिलरनं बुजवायची. मग सगळ्या अंगाला पिवळा डाय आणि त्यावर सीलरचा हात. यानंतर गनमध्ये लाल किंवा तपकिरी, अगदी पातळ. हवेचा दाब कमी ठेवायचा आणि गन तिरपी धरायची, म्हणजे उडणारं धुकं गिटारीच्या बाहेर जातं, मध्ये येत नाही. हात एका जागी थांबला की डाग पडलाच. गडद रंग सगळ्यात शेवटी आणि तोही कडेपुरता. वरून पारदर्शक लॅकरचे आठ-दहा हात, दिवसाला तीनच्या वर नाहीत. मग तीन-चार आठवडे गिटारीला बोटसुद्धा लावायचं नाही. त्यानंतर हजार ते दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्यात घासायचं आणि बफ मारायचा.

बाबा जिथे अडले होते, तिथे संखेड्याच्या एका खरादी, म्हणजे लेथवर लाकूड कातणाऱ्या, काकांनी मदत केली. संखेडा इथून पन्नास किलोमीटरच्या आत. तिथलं सागाचं खराद काम प्रसिद्ध आहे. लाकूड खरादावर फिरतं, त्यावर कलईची नक्षी, वर लाखेचा थर, आणि घर्षणाच्या उष्णतेनं तो वितळून केवड्याच्या पानानं सारखा पसरतो. पारदर्शक लाखेखाली कलई सोन्यासारखी दिसते. काकांनी बाबांचे तुकडे पाहिले आणि एवढंच म्हणाले, "वच्चे ओछुं, कोरे वधारे." मध्ये कमी, कडेला जास्त. बाबा मध्याजवळ फार वेळ रेंगाळत होते. ते वाक्य आजही आमच्या स्प्रेच्या खोलीच्या दारावर लिहिलेलं आहे.

माझी गोडी वाढली ती इतिहासामुळे. इटलीतल्या क्रेमोना गावच्या व्हायोलिनांचं वॉर्निश हे जुन्या वाद्यकारांचं स्वप्न. अमेरिकेत गिब्सन कंपनीत लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली १९२२ पासून एफ-५ मँडोलिन तयार झालं, त्याच्या तपकिरी सनबर्स्टचं नावच 'क्रेमोना ब्राउन'. इलेक्ट्रिक गिटारीत फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली ती दोन रंगांत, मध्ये पिवळी आणि कडेला काळी. लाल पट्टा १९५८ मध्ये आला. त्याच वर्षी गिब्सननं लेस पॉल मॉडेलचा सोनेरी रंग काढून चेरी सनबर्स्ट दिला. सोनेरी रंगाखाली मेपलचं लाकूड झाकलेलं असायचं. आता दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून जोडलेला मेपलचा दर्शनी भाग सगळ्यांना दिसायला लागला. काहींवर वाघाच्या अंगावर असतात तसे आडवे पट्टे, त्याला फ्लेम म्हणतात. तरी त्या फारशा खपल्या नाहीत. १९६० पर्यंत अंदाजे दीड हजार निघाल्या आणि १९६१ मध्ये कंपनीनं आकारच बदलला. तेव्हा अडीचशे डॉलरच्या आसपास मिळणारी ती गिटार आज कित्येक लाख डॉलरला जाते. एरिक क्लॅप्टन, जिमी पेज, पीटर ग्रीन या ब्रिटिश गिटारिस्टांच्या हातात ती दिसली आणि तिचे दिवस पालटले.

या गिटारींवरचा लाल डाय उन्हानं उडायचा. कुठे मध, कुठे लिंबू, कुठे कोरा चहा, अशा एकाच रंगात रंगवलेल्या गिटारी साठ वर्षांत वेगवेगळ्या झाल्या. पिकअपची, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकी भागाची, चौकट काढली की तिच्याखाली मूळ लाल जसाच्या तसा असतो. गिब्सननं १९६० मध्ये टिकणारा लाल वापरायला घेतला आणि त्या शेवटच्या गिटारी अजून लालच आहेत. संग्राहक मात्र जीव टाकतात तो उडालेल्या रंगावर. मीही त्यांच्यातलीच.

रंग का उडतो, हा प्रश्न या गावाला नवा नाही. सयाजीरावांच्या काळात, १८९० मध्ये, त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकारानं इथे कलाभवन निघालं आणि कापड रंगवण्याचं रसायनशास्त्र शिकवलं जाऊ लागलं. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं, तेव्हा ते डाग काढणारे रसायनज्ञही हेच गज्जर. माझा धाकटा भाऊ त्याच आवारात इलेक्ट्रॉनिक्स शिकला. गिटारीचं लाकूड आणि रंग माझ्याकडे, पिकअप आणि वायरिंग त्याच्याकडे. पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये एका पिकअपचं चुंबक उलटं होतं. दोन्ही पिकअप एकत्र लावले की त्यातून नाकातल्यासारखा, पोकळ आवाज यायचा. ती गिटार पुढे गॅरी मूर आणि मग कर्क हॅमेट या गिटारिस्टांकडे गेली. भावाकडे त्या आवाजासाठी आजही पोरं येतात आणि तो त्यांना चुंबक फिरवून देतो.

२००४ मध्ये बाबांची दृष्टी अधू झाली आणि दुकान आम्हा दोघांवर आलं. फर्निचरचं काम आम्ही हळूहळू बंद केलं. बाबांना ते पटलं नव्हतं, घरात बरेच दिवस अबोला होता. पहिली मोठी चूक मीच केली. नवरात्रासाठी अकरा नव्या गिटारींची ऑर्डर घेतली आणि लॅकरचं काम काढलं ऑगस्टमध्ये. नायट्रोसेल्युलोज लॅकरमधला थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. सकाळी दार उघडलं तर अकराच्या अकरा गिटारी दुधाळ पांढऱ्या. थिनर सावकाश उडावा म्हणून रिटार्डर घालून, पुन्हा हलके हात मारून सात वाचवल्या, चार घासून उघड्या लाकडापर्यंत न्याव्या लागल्या. ऑर्डर वेळेवर गेली नाही आणि आगाऊ घेतलेले पैसे परत केले.

आमच्या धंद्याची खरी अडचण ही आहे. बडोद्याचा हंगाम नवरात्राचा, आणि नवरात्राच्या आधीचे तीन महिने हवा लॅकरच्या विरुद्ध. २००९ मध्ये विश्वामित्री नदीच्या पलीकडे, अकोट्याला वर्कशॉप घेतलं, ते बंद खोली आणि हवा कोरडी ठेवणारं यंत्र बसवता यावं म्हणून. तरीही पावसाळ्यात आम्ही फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), वायरिंग, सेटअप हीच कामं घेतो. पॉलियुरेथेन वापरा, झटपट होईल, असं सगळे सांगतात. ते टिकतं आणि पाण्याला दाद देत नाही, हे खरं. पण त्याचा थर जाड बसतो आणि वय झाल्यावर ते बदलत नाही. ज्याला रोज मंडपात वाजवायची आहे त्याला आम्ही पॉलियुरेथेनच सुचवतो. ज्याला गिटारीबरोबर वीस वर्षं काढायची आहेत त्याला लॅकर.

नवी गिटार मुद्दाम झिजवून जुनी दाखवायचं काम आम्ही करत नाही. त्याची मागणी बरीच आहे, पैसेही चांगले मिळतात. पण घाम, मनगट आणि पट्ट्याचं बक्कल यांनी जिथे रंग जातो ती जागा माणसागणिक वेगळी असते. ती मी कागद घेऊन घासून ठरवावी, हे मला मान्य नाही.

संग्रह ठरवून सुरू झाला नाही. पहिली आली ती कोलकात्याच्या गिव्हसनची काळी-लाल अकूस्टिक, जुन्या बाजारातून, बिनतारांची. तिचा सनबर्स्ट घाईत मारलेला आहे, काळ्याची कड ठसठशीत दिसते. तरी आपल्याकडच्या किती मुलांनी हातात धरलेली पहिली गिटार याच रंगाची असेल. म्हणून ती ठेवली. मग जपानच्या टोकाईची एक, मग कोरियन, मग आमच्याच बाबांनी रंगवलेल्या दोन. आज सतरा आहेत. एकही विक्रीला नाही. १९५९ ची अस्सल लेस पॉल मी कधी हातात घेतलेली नाही. तिच्या छायाचित्रांवरूनच मी लाल किती पातळ ठेवायचा ते शिकले. तिच्या मानेवरची, बोटं फिरतात ती पट्टी ब्राझीलच्या शिसवाची. ते लाकूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात जवळजवळ बंदच आहे, आणि जगभरच्या कारखान्यांत आता आपला भारतीय शिसव लागतो. आमच्याकडेही तोच लागतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी वर्कशॉपमध्ये कमरेपर्यंत आलं. भावानं संध्याकाळीच भिंतीवरच्या गिटारी वरच्या खुंट्यांना टांगल्या होत्या, म्हणून तेरा कोरड्या राहिल्या. चार खाली केसमध्ये होत्या, त्यांत बाबांची एक. तीन दिवसांनी चिखलातून केस उघडल्या. पॉलियुरेथेनच्या दोन गिटारी बाहेरून धुतल्यावर नव्यासारख्या दिसत होत्या, पण मान बसते त्या खाचेतून पाणी आत गेलं होतं आणि लाकूड फुगलं होतं. बाबांच्या गिटारीचं लॅकर कडेला पांढरं पडलं, काही जागी पापुद्रे सुटले. उन्हात ठेवायचा मोह आवरला. तारा, मान, पिकअप सुटे केले आणि सावलीत, पंख्याच्या लांबच्या वाऱ्यात दोन महिने वाळवलं. बाबांना ती दाखवली तेव्हा त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "मध्ये ठीक आहे ना?" मध्ये ठीक होतं. पिवळा तसाच, मेपलच्या शिरा स्पष्ट. कडेचा काळा मी पुन्हा मारलेला नाही. बाबांनी मारलेला जेवढा उरला आहे तेवढा उरू दे.

महिनाभरात नवरात्र आलं. ज्यांच्या गिटारी आमच्याकडे दुरुस्तीला होत्या त्यांतल्या एकानंही भरपाई मागितली नाही. दोघांनी स्वतः येऊन गाळ उपसला. "बेन, तमे पहेलां बेसो," म्हणत एकानं माझ्या हातातला फावडा काढून घेतला होता.

सध्या आम्ही पाच जण आहोत. स्प्रे गन आता तिघे धरतात, त्यांतली एक मुलगी सव्वीस वर्षांची आहे आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. खोलीत महोगनीची सहा अंगं वाळत पडली आहेत, वर मेपल चिकटवलेलं. नव्या सनबर्स्टसाठी गिटार आणायची असेल तर डिसेंबर ते मार्च आणा. जूननंतर आणलीत तर ती आमच्याकडे खुंटीला टांगलेली राहील आणि दसरा उलटल्यावर हवा कोरडी झाली की हातात घेऊ. जुन्या गिटारीचा रंग नवा करून हवा असेल, तर आधी पिकअपची चौकट काढून तिच्याखालचा मूळ रंग आम्ही तुम्हाला दाखवतो. तो पाहून काय करायचं ते ठरवा.