लाकडाचे चिरे

आमच्याच घराची पुढची खिडकी आम्हाला बदलता येणार नाही, असं कौन्सिलचं पत्र आलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मेलबर्नच्या पश्चिमेला यारावीलमध्ये आमचं घर आहे. एकमजली, लाकडी, पुढे छोटा व्हरांडा आणि वर पन्हाळी पत्रा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बंदरात, साखरेच्या कारखान्यात, न्यूपोर्टच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये राबणाऱ्या कामगारांसाठी या भागात अशी घरं रांगेनं उभी राहिली. आमच्या घरात कुणी थोर माणूस जन्मला नाही की कुठला तह झाला नाही. मग वारसा कसला?

पण आमची गल्ली 'हेरिटेज ओव्हरले'मध्ये, म्हणजे वारसा म्हणून जपायच्या भागात येते. घर पाडायचं किंवा बाहेरून बदलायचं तर परमिट हवं. आतून बहुधा काहीही करा, कुणी विचारत नाही. थंडीत त्या खिडकीतून वारा घुसतो, तो मात्र आम्ही सोसायचा!

शेवटी तीच खिडकी दुरुस्त करायला एक म्हातारा सुतार आला. त्याने चौकटीच्या बाजूची झडप उघडली. आत दोरीला टांगलेली लोखंडी वजनं होती, त्यांच्या तोलावर तावदान वर-खाली सरकतं. दोऱ्या बदलल्यावर ते एका बोटाने हलायला लागलं. मग त्याने मला बाहेर नेऊन पुढची भिंत दाखवली. फळ्यांना ठराविक अंतरावर उभ्या खाचा पाडलेल्या, सांधे एकाआड एक, हुबेहूब चिरेबंदी बांधकाम. रंगाचे इतके थर बसलेत की त्या खाचा मला कधी नीट दिसल्याच नव्हत्या. बोट फिरवलं तेव्हा समजलं. बाजूच्या भिंतींना मात्र साध्या, एकीवर एक चढवलेल्या फळ्या, कारण तिकडे कोण बघणार? 1851 मध्ये सापडलेल्या सोन्याने आणि 1880 च्या दशकातल्या तेजीने या शहरात धनिकांनी दगडविटांचे वाडे बांधले. कामगाराच्या घराला दगड परवडत नव्हता, म्हणून त्याची शोभा लाकडात कोरली, तीही फक्त रस्त्याच्या बाजूला. त्या भिंतीत मला माणसाचा मान दिसतो. ती खिडकी काढून तिथे ॲल्युमिनियमची रुंद काच बसवली असती तर चिऱ्यांची ती सगळी मांडणी मोडली असती, हे मी आता मान्य करते.

थोरामोठ्या इमारतींच्या बाबतीत आपण कुठेही कमी नाही. इथलं रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग आणि आपलं व्हीटी, दोन्ही 2004 मध्येच जागतिक वारसा यादीत गेले. मुंबईने 1995 मध्ये वारसा नियमावली केली, तेव्हा देशात तसं दुसरीकडे कुठे नव्हतं. गिरगावात खोताची वाडी अजून उभी आहे.

तरी आपले साधे वाडे गेले. आमचाही पुण्यातल्या कसब्यातला गेला. त्यावर इथले लोक हळहळतात तेव्हा मला राग येतो. भाडी 1940 च्या पातळीवर गोठवणारा कायदा 1947 मध्ये आला. त्या भाड्यातून कौलं शाकारायचाही खर्च निघत नव्हता. तुळयांना वाळवी, सगळ्यांना मिळून एक संडास, जिन्यात अंधार. बिल्डर आला तेव्हा माझ्या काकांनी सही केली, ती योग्यच होती. इथे घर जपणाऱ्याला निदान वाढत्या किमतीचा आधार असतो. मजुरांची ही घरं आज दहा लाख डॉलरच्या पुढे विकली जातात, त्यात मजूर राहू शकत नाही. आणि 1835 मध्ये गोरे वसाहतदार येण्याआधी हजारो वर्षं इथले मूळ रहिवासी, कुलिन लोक, या जमिनीवर होते. आमच्या गल्लीच्या वारशाचे जे कागद मला मिळाले, त्यात त्यांच्याबद्दल एक ओळही नाही.

पण ती गल्ली कागदावर आहे. कुठलं घर कुठल्या काळातलं, छप्पर कसं, चिमणी मूळची की नंतरची, सगळं लिहिलेलं. आमच्या वाड्याचा एक मोजमापाचा नकाशासुद्धा नाही. कसब्यात, नारायण पेठेत तुमचा वाडा अजून असेल आणि तो पाडायचा ठरला असेल, तर खुशाल पाडा, तुमचा प्रश्न तुम्हालाच ठाऊक. त्याआधी फक्त चौकाची लांबीरुंदी मोजून घ्या, आणि कडीपाटाचे, जोत्याचे, दिंडी दरवाजाच्या कोयंड्याचे जवळून फोटो काढा. मला पाठवलेत तर मी ते नीट लावून ठेवीन.